हातच्याची वजाबाकी

मी कोण, कुठून आलो आणि कुठे जाणार, हे माणसाला पडणारे सनातन प्रश्न आहेत असं तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना घरात कुणीतरी वेळेवर पान वाढत असलं पाहिजे. कारण ज्याच्यावर घर चालवायची जबाबदारी असते त्याला, म्हणजे बहुतेक वेळा तिला, सनातन प्रश्न एकच पडतो आणि तो रोज पडतो : "आज भाजी काय करू?" मी कोण, हा प्रश्न महिनाभर पडला नाही तरी संसार सुरळीत चालतो. भाजीचा प्रश्न एक दिवस चुकला तर त्याच संध्याकाळी घरात मीमांसा सुरू होते.

या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिलेलं आहे : "कर काहीही." उत्तर वरवर मोठं उदार दिसतं, पण त्यात पोटकलमं असतात. काहीही म्हणजे दुधी नको, पडवळ नको, काल झालेली नको, आणि महाग तर मुळीच नको. एरवी हा आवडीनिवडीचा प्रश्न. महागाईत मात्र तो नीतीचा प्रश्न होऊन बसतो. कसा, ते सांगतो. पण आधी खुद्द महागाईविषयी थोडं.

महागाई खरी आपल्याच वाट्याला आली, असं प्रत्येक पिढीला वाटतं. माझ्या आईची पिढी १९७२ चा दुष्काळ सांगते. रेशनवरचा तांबडा मिलो, त्याच्या घशाखाली न उतरणाऱ्या भाकऱ्या, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका. लाटणं नवऱ्याखेरीज सरकारवरही चालतं, हा शोध त्या वेळचा. आमच्याही पिढीला सांगायला पुष्कळ आहे. २०१५ साली तूरडाळ शहरांतून किलोला दोनशेवर गेली. २०१९ च्या डिसेंबरात कांद्याने शंभरी ओलांडली. २०२२ साली युद्ध सुरू झालं ते युक्रेनमध्ये, पण फोडणी महागली ती आमची. कारण आपल्याकडचं बरंचसं सूर्यफुलाचं तेल तिकडून येत होतं. २०२३ च्या पावसाळ्यात काही शहरांत टोमॅटो दोनशेला पोचला आणि सार या पदार्थाची गणना पक्वान्नांत होऊ लागली. सार्वजनिक गणपतीच्या आरतीचा मान जसा रोज नव्या बिऱ्हाडाकडे जातो, तसा महागाईचा मान पाळीपाळीने एकेका जिनसेकडे जातो. फरक एवढाच की, गणपतीचं दहा दिवसांनी विसर्जन होतं.

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल नावाच्या एका जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम काढला. घर जितकं गरीब, तितका मिळकतीतला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. हे मार्क्सचे स्नेही एंगेल्स नव्हेत. हे नुसते एंगेल. शेवटचा 'स' बहुधा काटकसरीत गेला असावा. आपल्याकडे २०१२ चा पाया धरून जो किरकोळ महागाईचा निर्देशांक काढत, त्यात खाण्यापिण्याच्या जिनसांचं वजन शेकडा ४५.८६ होतं. म्हणजे सरकारी हिशेबातला सरासरी माणूससुद्धा जवळजवळ निम्मा पोटच होता. आणि कात्री लावायची म्हटली की ती या पोटालाच लागते. घरमालकाला "या महिन्यात भाडं जरा पातळ घ्या" असं सांगता येत नाही. शाळेची फी, विजेचं बिल, कर्जाचा हप्ता, यांत पाणी घालून चालत नाही. पातळ होते ती आमटी.

आता पातळ करण्याचंही एक शास्त्र आहे आणि आपल्या बायकांनी ते कळसाला नेलेलं आहे. मराठी स्वयंपाक निम्मा चवीने घडवला असेल, तर उरलेला निम्मा टंचाईने. दोडक्याच्या भाजीनंतर उरलेल्या शिरांची चटणी करावी, हे ज्या बाईला प्रथम सुचलं तिच्याकडे अर्थखातं द्यायला हवं होतं. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची कटाची आमटी होते आणि ती पुरणपोळीपेक्षा जास्त वेळा मागून घेतली जाते. वाटीभर मटकीला मोड आणले की तिची दोन-अडीच वाट्या होते; बँकेत ठेवलेली रक्कम दीड दिवसात एवढी वाढल्याचं ऐकिवात नाही. शिळा भात फोडणीला, शिळी पोळी कुस्कऱ्याला नाहीतर गूळ-तूप लावून लाडवाला. शेवग्याची शेंग परवडेना तर त्याचा पाला. तूर महागली की निम्मी मसूर, आणि दोन्ही महागल्या की पिठलं, ज्याच्यासोबत भाजीही लागत नाही आणि आमटीही.

फार काय, धर्मानेही या कामी हात दिलेला आहे. उन्हाळी कांदा कांदाचाळीत सडत, संपत येतो आणि नवा लाल कांदा बाजारात यायला दिवाळी उजाडते. नेमके तेच महिने चातुर्मासाचे आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य! आषाढात कांदेनवमीला पोटभर भजी खायची आणि मग चार महिने कांद्याच्या भावाकडे वैराग्याने पाहायचं. हा योगायोग असेलही. पण पुण्य आणि बचत एकाच जुडीत बांधून देणाऱ्या पूर्वजांना माझा नमस्कार आहे.

इथवर सगळं गोड आहे, कारण ही बिनहातच्याची वजाबाकी आहे. शाळेतलं गणित आठवा. अठ्ठ्याऐंशीतून पंचवीस गेले : एककातून एकक, दशकातून दशक, कुणाची कुणाला तोशीस नाही. शिरांची चटणी केली म्हणून कुणाचं काही कमी झालं नाही. झालीच तर केराची टोपली थोडी हलकी झाली. पण महागाई वाढत गेली की वरचा आकडा लहान आणि खालचा मोठा होतो. बावन्नातून सत्तावीस. मग गुरुजी सांगायचे, "दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या दशकाच्या घरातून एक उसना घ्या." आपण घ्यायचो. उत्तर बरोबर यायचं. शाबासकी मिळायची. त्या दशकाच्या घरात मात्र पाचाचे चार झालेले असायचे, आणि तशी एक बारीक रेघ आपण पेन्सिलीने त्याच्या डोक्यावर मारायचो.

घरखर्चाच्या वहीत नेमकी ही रेघ मारायची पद्धत नाही. "या महिन्यात किराण्यात चारशे रुपये वाचले" असं झोकात लिहिलेलं असतं. ते कुणाच्या घरातून उसने घेतले हे लिहायला रकानाच नसतो. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच मिळतो आणि आतली बिस्किटं तेवढी कमी होत जातात, म्हणून आपण कारखानदारांच्या नावाने बोटं मोडतो. पण त्या पुड्यावर निदान वजन छापायची कायद्याने सक्ती आहे. घरातल्या ताटावर वजन छापत नाहीत. त्यामुळे कुठल्या ताटातलं किती कमी झालं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

माझ्या आईला भाताची खरवड फार आवडते, ही आमच्या घरातली सर्वमान्य गोष्ट होती. वडिलांना वरचा मोकळा भात, आम्हां भावंडांना मधला मऊ, आणि पातेल्याच्या बुडाला लागलेली करपट, चिवट खरवड आईला. तिच्या आवडी एकूणच सोयीच्या होत्या. ताज्या पोळीपेक्षा तिला शिळी भाकरी गोड लागे. आंब्याच्या दिवसांत तिला फोडींपेक्षा कोय आवडे. साय तर तिला सोसतच नसे. पुढे घरात प्रेशर कुकर आला आणि खरवड नावाची वस्तू नाहीशी झाली. मध्यंतरी सौ.ला वाटलं, ऐंशीच्या घरात आलेल्या सासूबाईंची एवढी एक आवड पुरवावी. तिने मुद्दाम पातेल्यात भात लावला, तो बेताने खाली लागू दिला आणि कौतुकाने आईच्या पानात खरवड वाढली.

"अगं, हे काय वाढलंस?" आई म्हणाली. "माझ्या दातांना झेपतं का हे?"

"पण आई, तुम्हाला आवडते ना?"

"मला? मला कधी आवडत होती? कुणीतरी खायला हवी म्हणून खात होते. टाकून द्यायची होती का?"

टेबलावर काही क्षण कुणीच काही बोललं नाही. मग आईनेच विचारलं, "वरचा भात आहे का थोडा?"

दुसऱ्याच्या भल्यासाठीसुद्धा खोटं बोलणं क्षम्य नाही, असं इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञांनी १७९७ साली एका निबंधात ठासून सांगितलं आहे. मारेकरी दाराशी येऊन "तुझा मित्र आत लपलाय का?" असं विचारू लागला तरी खोटं बोलता कामा नये, इथपर्यंत त्यांची तयारी होती. कान्ट आजन्म अविवाहित राहिले. जेवत ते दिवसातून एकदाच, पण चार पाहुणे बोलावून, गप्पागोष्टी करत. पंगतीला मंडळी तिनाहून कमी नकोत आणि नवाहून जास्त नकोत, असा त्यांचा दंडक होता. दहावा माणूस अवचित दारात उभा राहिला आणि घरातली बाई चटकन म्हणाली, "तुम्ही बसून घ्या हो, मला आज भूकच नाही," असा प्रसंग त्यांच्या तत्त्वज्ञानात कुठे येत नाही. मारेकरी आयुष्यात एखाद्‌वेळी येतो, पाहुणा दर आठवड्याला.

हे सगळं मी सौ.ला ऐकवलं. म्हटलं, "आई इतकी वर्षं खोटं बोलत होती. नीतिशास्त्रात हे कसं बसवायचं?" ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, खोटं एकट्याने बोलता येत नाही. ऐकणाऱ्यालाही ते सोयीचं असावं लागतं."

हा मुद्दा कान्टच्या नजरेतून निसटलेला दिसतो. 'मला भूक नाही' या वाक्याने बोलणारीची भूक जात नाही. जाते ती ऐकणाऱ्याची टोचणी. त्याग मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याग आज याने करावा, उद्या त्याने. तोच माणूस चाळीस वर्षं तोच त्याग करत राहिला तर त्याला त्याग म्हणत नाहीत, वहिवाट म्हणतात. आणि वहिवाटीची किंमत कुणीतरी मोजतंच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होतं. डॉक्टर याची शारीरिक कारणं सांगतील आणि ती खरीच असतील. पण घरात सर्वांत शेवटी जे पान वाढलं जातं त्यात काय काय पडतं, हेही कुणीतरी एकदा वाकून पाहायला हरकत नाही.

घरातल्या घरात उसनं मिळेनासं झालं की आपण दाराबाहेर जातो. आमच्या इमारतीत चार-सहा घरी पोळ्या करायला एक बाई येतात. त्यांनी महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले. त्यावर जिन्यात परिसंवाद भरला. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ कळकळीने म्हणाले, "महागाई केवढी वाढलीये! अशात यांना वाढवून कुठून द्यायचं?" तर्कशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात घालण्यासारखं वाक्य आहे हे. जणू महागाई लिफ्टने फक्त आमच्या मजल्यांवर येते. बाईंच्या वस्तीतली वाट तिला ठाऊकच नाही. "त्यांना रेशनवर सगळं फुकट मिळतं हो," आणखी कुणीतरी म्हणालं. मिळतं, खरं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य २०२३ च्या जानेवारीपासून मोफत झालं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो. पण धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ. त्या भातावर घालायचं वरण, वरणाला लागणारी फोडणी आणि फोडणीतलं तेल बाजारातूनच आणावं लागतं, आणि 'पोळ्यावाल्या बाई' म्हणून त्यांना वाणी निराळा भाव लावत नाही. जिन्यातला परिसंवाद अध्यक्षीय समारोपाला पोचण्याच्या आत सौ.ने शंभर रुपये वाढवून टाकले होते, त्यामुळे आमच्या घरापुरता हा विषय तत्त्वचर्चेला उरला नाही.

आणि तो कांदा! तो शंभराला गेला की आपण ओरडतो. ओरडावंच. पण तो मातीमोल झाला की आपण मुकाट दोन किलो जास्त घेतो. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये पडले. किलोला दीड रुपयाच्याही आत. त्याने ते सगळे पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. त्या आठवड्यात 'कांदा फार स्वस्त झाला हो' म्हणून शहरातली लाटणी काही रस्त्यावर उतरली नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि ती बंदी २०२४ च्या मे महिन्यात उठली. शहरातल्या भज्यांना दिलासा मिळाला. नाशिककडे लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. कांदा महागच असावा, असं मला म्हणायचं नाही. शेतकऱ्याच्याही घरात चूल असते आणि तेल, डाळ तोही विकतच आणतो. म्हणणं एवढंच आहे की, स्वस्त भजी खाताना कुणाच्या दशकाच्या घरातला एक कमी झाला, ती रेघ तरी आपल्याला दिसावी.

उघडपणे मारलेली अशी एक मोठी रेघ आपल्या इतिहासात आहे. १९६५ साली धान्याची टंचाई होती, वर युद्ध. तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. सोमवारची रात्र ठरली. ज्या घरात मुळातच एक वेळची मारामार होती त्यांना या उपासाचं काय कौतुक असणार, हे खरंच. तरीही त्या आवाहनातला एक गुण मला फार मोलाचा वाटतो. वजाबाकी सगळ्यांच्या ताटांतून होती, एकाच वेळी होती आणि दिवस सांगून होती. 'मला भूक नाही' असं कुणी म्हणायचं नव्हतं. 'भूक आहे, पण आज सोमवार आहे' असं म्हणायचं होतं. दोन वाक्यांत फरक थोडा दिसतो; पण पहिल्यात एक माणूस एकटा पडतो, दुसऱ्यात सगळं घर बरोबर असतं.

याच धर्तीवर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर एक सभा झाली. अध्यक्षस्थानी आई. सौ.ने वाण्याची यादी भावांसकट वाचून दाखवली. तेलाचा भाव ऐकून चिरंजीव "लिटरला?" असं दोनदा म्हणाले. ते नोकरीला लागल्याला दोन वर्षं झाली आहेत, शेअरबाजाराचे चढउतार त्यांना तोंडपाठ आहेत, पण तेल हा शेअर नसल्याने त्यांच्या नजरेस पडला नव्हता. मग कन्येने उठून, दादाने महिन्याभरात मोबाईलवरून मागवलेल्या खाण्याचा तपशील सादर केला. नुसत्या घरपोच आणून देण्याच्या आकारात महिन्याची कोथिंबीर, मिरच्या आणि आलं बसत होतं. सभेत काही काळ गोंधळ माजला.

शेवटी ठराव झाले ते असे : बुधवारी रात्री पिठलं-भाकरी, सर्वांना, पाहुणे आले तरी. साय आणि आंब्याच्या फोडी पाळीपाळीने, कोयसुद्धा पाळीपाळीने. 'मला भूक नाही' हे वाक्य उच्चारायला बंदी. खरोखरच भूक नसेल तर सबळ कारण द्यावं. आणि सौ.ने सर्वांबरोबर पानावर बसावं. तव्यावरून थेट पानात पडणारी पोळी हा कुणाचाही जन्मसिद्ध हक्क नाही. या शेवटच्या कलमावर चिरंजीवांनी विरोध नोंदवला. मी तटस्थ राहिलो. घरात एखादं मत हाताशी राखून ठेवलेलं बरं असतं.

महिनाअखेर हिशेब केला. वाचले म्हणण्यासारखे काही फार वाचले नाहीत. उलट दुधाचा खर्च थोडा वाढला, कारण आईला साय उत्तम सोसते असं निष्पन्न झालं. पण वहीतल्या आकड्यांच्या डोक्यावरच्या रेघा आता सगळ्यांना वाचता येतात.

आपल्या भाषेत भाकरीच्या निम्म्या भागाला अर्धी म्हणतात, चौथ्या भागाला चतकोर आणि चतकोराच्याही निम्म्याला नितकोर. आठव्या भागालासुद्धा ज्यांनी नाव दिलं, त्यांच्या टोपल्यात भाकऱ्या फार नव्हत्या हे उघड आहे. पण एकेका तुकड्याला नाव पडतं ते भाकरी चारचौघांसमोर मोडल्यावर. परवाच्या बुधवारी टोपल्यात एकच भाकरी उरली आणि खाणारी तोंडं पाच. आई सवयीने म्हणाली, "मला नको, मला..." पाची जणांत ठरावाची आठवण द्यायला चौघं तयारच होती. ती हसली. म्हणाली, "बरं बाई, भूक आहे. माझा तुकडा पिठल्यात कुस्करून द्या."

भाकरीचे पाच तुकडे झाले. पाचव्या हिश्शाला मराठीत शब्द काय, ते कन्या शब्दकोशात शोधते आहे. तूर्त वहीत 'प्रत्येकी एक' एवढंच लिहून ठेवलं आहे.